पात्रता आणि सिद्धता : बीड जिल्ह्याच्या संदर्भात राजकीय उमेदवारांच्या नेतृत्वसज्जतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

निवडणुकीस उभे राहण्यासाठी काय लागते, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळते. निवडून आल्यानंतर कारभार करण्यासाठी काय लागते, याचे उत्तर मात्र तेथे सापडत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात पहिल्या गोष्टीस 'पात्रता' व दुसरीस 'सिद्धता' असे म्हटले आहे. वय, नागरिकत्व, मतदारयादीतील नाव, थकबाकी नसल्याचा दाखला या बाबी पात्रतेच्या होत. छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी त्या तासाभरात तपासू शकतो. सिद्धता अशी तपासता येत नाही. ती माणसाच्या अंगी हळूहळू येते आणि बहुधा इतरांच्या लक्षात ती अगोदर येते, स्वतःच्या नंतर.

आपल्यापैकी बहुतेक प्राध्यापकांनी निवडणुकीचे कर्तव्य बजावलेले असते. एका दिवसाच्या मतदानासाठी केंद्राध्यक्षाला दोन-दोन प्रशिक्षणे दिली जातात, जाड हस्तपुस्तिका दिली जाते, यंत्र जोडून दाखवावे लागते. मतदान घेणाऱ्याची एवढी तयारी करून घेणारी व्यवस्था, ज्याच्यासाठी ते मतदान घेतले जाते त्याच्या तयारीविषयी निवडणुकीपूर्वी काहीच विचारत नाही. ही विसंगती प्रस्तुत लेखकाला अशाच एका प्रशिक्षणाच्या सभागृहात बसलेला असताना प्रथम जाणवली. तथापि, तिच्यावर 'उमेदवारांचीही परीक्षा घ्या' हा जो सोपा उपाय सुचविला जातो, तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे अभ्यासाअंती दिसून आले. बीड जिल्ह्याने गेल्या पाऊणशे वर्षांत जे लोकप्रतिनिधी निवडले, त्यांच्या वाटचालीच्या आधारे हे मत येथे मांडले आहे.

जुने निकष

परळी तालुक्यातील धर्मापुरी हे गाव कल्याणी चालुक्यांच्या काळातील केदारेश्वर मंदिरामुळे अभ्यासकांना परिचित आहे. असे मंदिर उभे राहायचे आणि चालायचे तर जमीन, दान, मोजदाद आणि देखरेख यांची व्यवस्था पाहणारी जबाबदार माणसे लागत. ती कशी निवडली जात, याचा सर्वांत तपशीलवार पुरावा आपल्या भागातील नसून तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील आहे. पहिला परांतक चोळ याच्या काळातील, इ. स. ९१९ व ९२१ मधील तेथील शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांवर कोणाला घ्यावे, याचे नियम कोरलेले आहेत. उमेदवाराकडे कर भरणारी ठरावीक जमीन असावी, स्वतःच्या जागेवर घर असावे, वय पस्तीस ते सत्तर यांदरम्यान असावे, वेदविद्येचे ज्ञान असावे. मग त्यांची नावे ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकावीत आणि चिठ्ठी उचलून निवड करावी. हे गाव ब्राह्मणांचे अग्रहार होते, त्यामुळे या नियमांतून बहुसंख्य समाज मुळातच बाहेर राहिला होता, हे विसरता येणार नाही. लोकशाहीचा प्राचीन आदर्श म्हणून या शिलालेखाचा उदोउदो करणारे ही बाब सोयीस्करपणे वगळतात.

तरीही त्यातील एक नियम आजही विचार करायला लावतो. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो अपात्र. आणि त्याचे जवळचे नातलगही अपात्र. जमीन, घर, विद्या हे निकष माणसाकडे काय आहे ते विचारतात. हिशेबाचा निकष त्याने काय केले ते विचारतो.

प्राचीन अथेन्समध्येही याला समांतर पद्धत होती. तेथे बहुतेक अधिकारी चिठ्ठीने निवडले जात. पण पद स्वीकारण्यापूर्वी प्रत्येकाची जाहीर तपासणी होई. तुझे आईवडील कोण, कुलदैवत कोणते, पूर्वजांची थडगी कोठे, आईवडिलांना नीट सांभाळतोस का, कर भरतोस का, लढाईवर गेला होतास का, असे ते प्रश्न होते. यात कारभाराच्या ज्ञानाविषयी एकही प्रश्न नाही. माणूस आपल्या समाजाला बांधलेला आहे की नाही, एवढेच पाहिले जाई. कारभाराची खरी तपासणी मुदत संपल्यावर होई. त्या वेळी प्रत्येक अधिकाऱ्याला हिशेब सादर करावा लागे आणि कोणीही नागरिक त्याच्याविरुद्ध तक्रार करू शके. म्हणजे प्रवेशाची तपासणी हलकी आणि निरोपाची कडक, अशी ती रचना होती. आपल्याकडे ती नेमकी उलटी झाली आहे, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

मध्ययुगीन महाराष्ट्रात गावचे नेतृत्व वतनाने चाले. पाटलाचा मुलगा पाटील होई. त्याची सिद्धता घरातच घडते, असे गृहीत धरलेले असे. आणि बापाबरोबर गोतसभेत, मोजणीच्या वेळी, तंट्याच्या ठिकाणी हिंडलेल्या मुलाला काही कळत नसे, असेही म्हणता येणार नाही. या व्यवस्थेतील मुख्य दोष असा की, तेच शिक्षण इतर कोणाला मिळण्याचा मार्गच त्यात नव्हता.

शाळेतून निघालेले नेतृत्व

निजामाच्या राजवटीत मराठवाड्याला राजकीय शिक्षण घेण्याची उघड सोय नव्हती. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' या कुप्रसिद्ध फर्मानानुसार पूर्वपरवानगी घ्यावी लागे. खासगी शाळांवरही निर्बंध होते. अशा स्थितीत नेतृत्व घडण्याची जागा कोणती राहिली? याचे उत्तर अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी विद्यालयात मिळते. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून तेथे आले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरेपर्यंत त्यांचा व्यवसाय शिक्षकाचा होता. शाळेसाठी वर्गणी गोळा करणे, अधिकाऱ्यांशी वाद घालणे, पालकांना पटवणे, अपुऱ्या पैशात वसतिगृह चालवणे ही कामे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केली. पुढे मुक्तिलढ्याचे नेतृत्व करताना हेच अनुभव उपयोगी पडले असणार. महाविद्यालयीन अध्यापकांनी या गोष्टीचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र स्वतःच्या महाविद्यालयाकडे एकदा पाहून मगच.

योगेश्वरीच्या याच परंपरेतील बाबासाहेब ऊर्फ रामचंद्र गोविंद परांजपे हे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटतर्फे बीडमधून लोकसभेवर गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्याला तेव्हा चार वर्षेही झालेली नव्हती. प्रौढ मताधिकाराचा पहिलाच अनुभव घेणाऱ्या, बहुसंख्येने निरक्षर असलेल्या मतदारांनी सत्ताधारी काँग्रेसचा उमेदवार नाकारून एका शिक्षक-कार्यकर्त्याला निवडले. मतदार अजून तयार नाहीत, अशी शंका त्या काळात अनेक सुशिक्षितांनी व्यक्त केली होती. बीडच्या निकालाने तरी त्या शंकेला पुष्टी दिली नाही.

त्यानंतरच्या निकालांतही एक लक्षणीय बाब आढळते. १९५२ ते १९८० या काळात झालेल्या पहिल्या सात लोकसभा निवडणुकांत बीडने सात वेगवेगळ्या व्यक्तींना निवडून दिले. विद्यमान खासदार पुन्हा निवडून येण्याची घटना प्रथम १९८४ मध्ये घडली. मराठवाड्यातील मतदार भाबडा आणि नेत्याच्या मागे जाणारा, असे चित्र रंगविणाऱ्यांनी ही यादी अवश्य पाहावी.

या सातांपैकी क्रांतिसिंह नाना पाटील यांची निवड विशेष अभ्यासनीय आहे. ते मूळचे वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे. बीडशी त्यांचे नातेगोते नव्हते. शिक्षण बेताचे, नोकरी तलाठ्याची; तीही १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या वेळी सोडलेली. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून व १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवारीवर बीडमधून लोकसभेत गेले. तलाठी म्हणून त्यांनी सातबारा, फेरफार, वसुली आणि शेतकऱ्याची अडवणूक कोठे होते हे आतून पाहिले होते. प्रतिसरकारच्या काळात, म्हणजे १९४३ ते १९४६ दरम्यान, न्यायदान मंडळांच्या द्वारे गावचे तंटे सोडवण्याची यंत्रणा त्यांच्या नेतृत्वाखाली सातारा भागात चालली. ही मंडळे चुकली असती तर लोक तेथे पुन्हा आले नसते, कारण त्यांना जाण्याची सक्ती नव्हती. एखाद्या नेत्याची याहून कठोर परीक्षा कोणता आयोग घेऊ शकेल, असा प्रश्न पडतो.

संविधानसभेतील खंत आणि दोन प्रशिक्षणसंस्था

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारताना अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी एक खंत व्यक्त केली होती. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांकडून आपण उच्च पात्रतेची अपेक्षा करतो. मात्र कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्याखेरीज कोणतीही पात्रता ठरवू शकलो नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्ञान आणि चारित्र्य मोजण्याचे साधन नाही, हेही त्यांनी मान्य केले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका या प्रश्नावर अधिक सूक्ष्म होती. सायमन कमिशनसमोर १९२८ मध्ये त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि साक्षरतेची अट नाकारली. ज्यांना शाळेची दारे बंद ठेवली, त्यांनाच निरक्षरतेच्या कारणाने मतपेटीपासून दूर ठेवणे हा दुहेरी अन्याय ठरला असता. परंतु मताधिकाराला अट नको, याचा अर्थ प्रतिनिधीला तयारी नको, असा त्यांनी कधीच घेतला नाही. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे त्याची जबाबदारी होती. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि मार्च १९५७ नंतर हे विद्यालय चालू राहिले नाही. बाबासाहेबांच्या संस्थात्मक कार्यावर आपल्याकडे विपुल लेखन झाले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयावर तर मराठवाड्यातील प्रत्येक विद्यापीठीय चर्चासत्रात निबंध वाचले जातात. या विद्यालयाचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीपलीकडे क्वचितच आढळतो.

त्याआधी अर्धशतक, १९०५ मध्ये, नामदार गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला होता. तेथे नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. गांधीजी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतल्यावर, वर्षभर देश पाहा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका, असा सल्ला गोखल्यांनी त्यांना दिला होता, हे सर्वश्रुत आहे. 'उमेदवार' या शब्दाचा शिकाऊ असाही अर्थ मराठीत रूढ आहे. दुकानात, कारखान्यात, वकिलाच्या कचेरीत 'उमेदवारी करणे' म्हणजे काम शिकणे. निवडणुकीच्या राजकारणात हा शब्द गेला आणि त्यातील शिकण्याचा अर्थ गळून केवळ तिकीट मागण्याचा उरला.

या दोन्ही संस्थांनी प्रशिक्षणाला महत्त्व दिले, परंतु प्रशिक्षण न घेतलेल्यास निवडणुकीचे दार बंद करावे, असे त्यांनी सुचविले नाही. हा भेद महत्त्वाचा आहे.

जिल्हा परिषदेची पायरी

बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या अहवालाआधारे १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा केला आणि १ मे १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली. ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा कायदा अगोदरच होता. कामांचे विकेंद्रीकरण हा या रचनेचा घोषित हेतू. नेतृत्वाची शाळा हा तिचा कदाचित अधिक टिकाऊ परिणाम. पाझर तलाव, शाळाखोल्या, जनावरांचे दवाखाने, शिक्षकांच्या बदल्या यांवर भांडता भांडता एक पिढी अंदाजपत्रक वाचायला शिकली. सभागृहात विरोधकाचे ऐकून घेणे, अधिकाऱ्याने लिहिलेल्या टिपणीतील मेख ओळखणे, एका गावाला दिले तर दुसरे का रुसते हे समजून घेणे, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत.

शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. जिल्हा परिषद व पंचायत समितीचा अनुभव घेऊन १९८० मध्ये ते विधानसभेत गेले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. सांगलीचे आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतून १९९० मध्ये विधानसभेत आले. बीडच्या केशरबाई ऊर्फ केशरकाकू क्षीरसागर यांची वाटचाल तर आरक्षणाच्या कितीतरी आधीची आहे. राजुरीच्या सरपंचपदापासून सुरुवात करून त्या आमदार झाल्या आणि १९८०, १९८४ व १९९१ अशा तीन वेळा बीडच्या खासदार झाल्या. राखीव जागेच्या आधाराशिवाय ग्रामीण मराठवाड्यातील स्त्रीने हे करून दाखवले, याची नोंद आपल्या राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांनी पुरेशी घेतलेली नाही.

परळी तालुक्यातील नाथ्रा या गावचे गोपीनाथ मुंडे यांनी अंबाजोगाईत महाविद्यालयीन शिक्षण घेतले, विद्यार्थी चळवळीत काम केले, आणीबाणीत तुरुंगवास भोगला, १९७८ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९८० मध्ये रेणापूरचे आमदार झाले. १९८५ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९९० मध्ये ते पुन्हा निवडून आले, १९९१ पासून विरोधी पक्षनेते व १९९५ ते १९९९ उपमुख्यमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. प्रस्तुत लेखकाला त्यांच्या वाटचालीत १९८५ चा पराभव सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निवडणूक हरल्यानंतर पाच वर्षे लोकांत राहावे लागणे हे एक स्वतंत्र शिक्षण होय आणि ते घेणाऱ्यांची संख्या आता कमी होत आहे. पराभूत उमेदवार पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाकडे तिकिटासाठी गेलेला दिसतो.

या पायऱ्यांचे उदात्तीकरण करण्याचाही हेतू नाही. त्या सर्वांना सारख्या खुल्या नव्हत्या. जमीन, सहकारी संस्था आणि जात यांचे पाठबळ असलेलाच बहुधा पहिल्या पायरीवर चढू शके, आणि एकदा वर गेलेल्याच्या घरातील पुढच्या पिढीला खालच्या पायऱ्या गाळून थेट मधल्या मजल्यावर येता येई. वतने कायद्याने गेली; त्यांची सवय मात्र सगळ्याच पक्षांत राहिली. ३ जून २०१४ रोजी मुंडे यांचे अपघाती निधन झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या डॉ. प्रीतम मुंडे आपल्या पहिल्याच निवडणुकीत ६ लाख ९६ हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाल्या. त्या वेळी मतदाराने उमेदवाराची सिद्धता तोलली की आपले दुःख व्यक्त केले, हे मताधिक्याचा आकडा सांगू शकत नाही. पुढे २०१९ मध्ये त्याच मतदाराने त्यांना पुन्हा निवडले, तेव्हा त्याच्यासमोर पाच वर्षांचे काम होते. त्यामुळे या दोन विजयांचा अर्थ एकच लावणे अभ्यासकाने टाळावे.

अटींचा उलटा जिना

आता कायद्याकडे वळू. लोकसभेच्या उमेदवारासाठी वय पंचवीस, नागरिकत्व, मतदारयादीत नाव आणि काही ठरावीक अपात्रता नसणे एवढे पुरते. २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांचे शपथपत्र द्यावे लागते. परंतु त्यात काहीही लिहिले असले, तरी केवळ त्यामुळे अर्ज बाद होत नाही. गावच्या निवडणुकीत मात्र चित्र वेगळे आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनहून अधिक झाली असेल तर अपात्र. घरी शौचालय नसेल व त्याचा वापर नसेल तर अपात्र. पंचायतीची थकबाकी असेल तर अपात्र. १ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यास सरपंचपदासाठी सातवी उत्तीर्णतेची अट २०१७ पासून आली.

दिल्लीत बसून देशाचा अर्थसंकल्प संमत करणाऱ्याला यांतील अपत्याची, शौचालयाची किंवा सातवीची अट नाही. गावच्या नळयोजनेचा ठराव मांडणाऱ्याला ती आहे. जितके पद लहान तितक्या अटी जास्त, असा हा उलटा जिना आहे. हरियाणाने पंचायत उमेदवारांसाठी घातलेली शैक्षणिक अट सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या राजबाला खटल्यात वैध ठरविली. राजस्थानने आणलेली तशीच अट २०१९ मध्ये मागे घेतली. महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव काय सांगतो? वसंतदादा पाटील यांचे शालेय शिक्षण अगदी मर्यादित होते, आणि १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय त्यांच्याच सरकारने घेतला. त्या धोरणाच्या बऱ्यावाईट परिणामांवर आपण आजही वाद घालतो. पण मुख्यमंत्र्यांनी तो निर्णय अजाणतेपणी घेतला, असे कोणी म्हणत नाही.

अटींच्या मुळाशी एक गृहीतक आहे. वरच्या पदाकडे जाणारा अगोदरच तयार असतो आणि खालच्या पदाकडे जाणारा संशयास्पद असतो, असे ते होय. १९५२ च्या मतदाराविषयी सुशिक्षितांना जी शंका होती, तिचेच हे नवे रूप म्हणता येईल.

राखीव जागा आणि ऊसतोडीचा हंगाम

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. महाराष्ट्रात स्त्रियांसाठी पंचायत राज्यात एक-तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. त्यापूर्वी १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे शेतकरी संघटनेच्या प्रेरणेने सर्व महिलांचे पॅनेल निवडून आले होते. 'बायकांना काय कळते कारभारातले' हा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. त्याच्या जोडीला 'सरपंचपती' ही उपहासाची संज्ञाही आली. हा उपहास करताना एक साधी गोष्ट विसरली जाते. पाच वर्षांनी आरक्षण फिरून दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते. शिकून तयार झालेल्या सरपंच महिलेला पुन्हा उमेदवारी मिळणे त्यामुळे अवघड होते. पहिली दोन वर्षे कागद समजण्यात जातात, तिसऱ्या वर्षी ती स्वतः बोलू लागते, आणि पाचव्या वर्षाअखेर तिची शाळा बंद होते. यशदासारख्या संस्था निवडून आलेल्यांना प्रशिक्षण देतात, ते उपयुक्तही असते. पण प्रशिक्षणाचा उपयोग करायला दुसरी संधी लागते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो येथील अभ्यासकांनीच उलगडायला हवा. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल दोघांच्या नावावर असते. २६ जानेवारीची ग्रामसभा होते तेव्हा गावातील हा वर्ग गावात नसतो. ग्रामपंचायतींचे मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी झाले, १८ डिसेंबर २०२२ रोजी झाले. दोन्ही तारखा हंगामातल्या. मतदाराला गाडी करून एका दिवसासाठी आणता येते, आणि तशी ती केलीही जाते. उमेदवाराला मात्र अर्ज, छाननी, माघार, प्रचार यांसाठी पंधरा-वीस दिवस फड सोडावा लागतो आणि मुकादमाचा हिशेब तेवढा मागे पडतो. निवडून आलेली ऊसतोड महिला मासिक सभेला गैरहजर राहिली, तर ती कायद्याच्या दृष्टीने निष्काळजी सदस्य ठरते. वास्तविक ती कामावर असते. मजुरांच्या संघटना, संप आणि दरवाढीच्या वाटाघाटी यांतून या जिल्ह्यात मोठे पुढारी तयार झाले. स्वतः कोयता धरणाऱ्यांपैकी किती जण त्या पायऱ्या चढू शकले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

पायऱ्या काढून घेतल्यावर

२०२२ च्या मार्चमध्ये बीडसह राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात राहिल्याने निवडणुका लांबत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. नगरपरिषदांचे मतदान प्रत्यक्षात डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. या काळात रस्ते झाले, बिले निघाली, योजनाही राबल्या. काही ठिकाणी प्रशासकाचा कारभार सभागृहापेक्षा बरा होता, असेही ऐकू येते आणि ते खोटे असेलच असे नाही. प्रशासक अंदाजपत्रक संमत करू शकतो. अंदाजपत्रकावर भांडायला शिकणारा सदस्य तो तयार करू शकत नाही. स्थानिक संस्थांसाठी वय एकवीस लागते, विधानसभेसाठी पंचवीस. २०२२ मध्ये जो एकवीस वर्षांचा होता, तो जिल्हा परिषदेचे सभागृह आतून न पाहताच विधानसभेस पात्र झाला.

दुसरी पायरी आपल्याच आवारातली होती. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि मागील परीक्षेत सर्वाधिक गुण मिळविणारा वर्गप्रतिनिधी ठरू लागला. त्यामागे हिंसाचाराची खरी कारणे होती, हे नाकारता येत नाही. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, पण अंमलबजावणी पुढे ढकलली जात राहिली. आपण तीन दशके विद्यार्थ्यांना असे शिकवले की, गुणपत्रिका हेच नेतृत्वाचे प्रमाणपत्र. मग तेच विद्यार्थी मोठे होऊन उमेदवारांना पदवीची अट घाला म्हणतात, तेव्हा स्टाफरूममध्ये आपण माना डोलावतो.

पायऱ्या मोडल्या की त्यांची जागा रिकामी राहत नाही. पैसा ती घेतो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचे निष्पन्न झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुका रद्द केल्या. लिलावात बोली लावणाऱ्यांकडे कायद्याने मागितलेले सर्व दाखले असू शकतात, ही यातील लक्षात घेण्याची बाब.

आणि याच जिल्ह्यात, केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या करण्यात आली. पवनऊर्जा प्रकल्पाकडून मागितल्या गेलेल्या खंडणीच्या वादातून हे घडल्याचे तपासात पुढे आले. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्याविषयी येथे अधिक लिहिणे उचित नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, सरपंचपदाच्या उमेदवारी अर्जात अपत्यांची संख्या विचारली जाते, शौचालय विचारले जाते, थकबाकी विचारली जाते. गावातल्या माणसाला मारहाण होत असताना मध्ये पडशील का, हा प्रश्न त्या अर्जात नाही. बीड जिल्ह्यातील कोणत्याही गावात यापुढे सरपंचपदासाठी अर्ज भरणारी व्यक्ती, मग ती धर्मापुरीची असो की मस्साजोगची, घरातून निघण्यापूर्वी या प्रश्नाचा विचार करत असणार, आणि तिच्या घरचेही.